बट नंबर

“मामा, खरं सांगू? आपली देशी रायफल म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक,” समाधान म्हणाला आणि बैठकीतल्या पोह्यांच्या बश्यांतले चमचे थांबले.

सोयरीक जुळवायला सायखेड्यात आलेल्या मुलाने होणाऱ्या सासऱ्याशी असं बोलायचं नसतं. त्यात सासरा सावळीराम. फौजेतला रिटायर हवालदार. देशी रायफल खांद्यावर वागवत त्याने सगळी नोकरी काढलेली. मुलाचे वडील वाळूतात्या सटाण्याकडचे, गरीब स्वभावाचे. त्यांनी हळूच पोराच्या मांडीला चिमटा काढला.

सावळीरामला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. तोंडाने तो भांडत होता.

“फुगे? अरे, तीच रायफल घेऊन आम्ही बर्फात रात्री काढल्या. चिखलात पडली, उचलली, पुसली, चालू!”

“चालू व्हायची हो, मामा. पण कडाक्याच्या थंडीत मॅगझिन तडकायचं. परदेशी रायफल शेणखतात पुरून ठेवा. पावसाळा गेल्यावर काढा. पहिलीच गोळी सुटणार. घरच्या मालाचा भरवसा नाही.”

“आन् वजन? डोंगर चढताना ती परदेशी बया कोण वागवणार, तुझा आजा?”

समाधानने दोन्हींचं वजन सांगितलं. नळीची लांबी सांगितली. कुठली गोळी किती लांबवर जाते, कुठल्या देशाने काय बदललं, सगळं सांगितलं. शोरूममधला पोरगा गाडीचं मायलेज सांगतो तसा तो घडाघडा बोलत होता.

“आता तोफा काढा म्हणजे झालं,” आतून त्याच्या बायकोचा, मालनबाईचा आवाज आला. “सुपारी राहिली बाजूला.”

वादात हरून इतका खूश झालेला बाप तालुक्यात दुसरा नसेल. सावळीराम स्थळांची प्रतवारी कांद्यासारखी करायचा. द्राक्षबागवाला आला, तो बदला म्हणून, म्हणजे डागी माल म्हणून, बाजूला. सातपूरच्या कंपनीतला आला, तो दुय्यम. लेक देईन तर फौजीला, हे त्याने भावकीत इतक्यांदा सांगितलं होतं की मागे फिरायला वाटच उरली नव्हती. लेक निकिता नाशिकला कपड्यांच्या दुकानात बिलिंगला होती. तिने मागे एकदा दुकानाच्या दारावरच्या सिक्युरिटी गार्डचा विषय काढला होता. त्याचं नाव काय, गाव कुठलं, बाप कोण, एवढंही सावळीरामने ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं. पोरीने पुन्हा विषय काढला नाही. सावळीरामने ते संस्काराच्या खात्यावर जमा धरलं.

आणि मग तिच्याच एका मैत्रिणीने हे स्थळ सुचवलं. फोटो वर्दीतला. पोस्टिंग विचारली तर मुलगा म्हणाला, “सांगायला बंदी आहे, मामा.” सावळीरामला ते फारच आवडलं. आज आल्या आल्या समाधानने दार उघडून धरलं. वाळूतात्या आत आले, चुलते आले, मावश्या आल्या, शेजारची दोन पोरंही आली. सगळे आत गेल्यावर मग तो आला. सावळीराम बायकोच्या कानात म्हणाला होता, “बघ. याला म्हणतात शिस्त.” मग त्याने कोपऱ्यातली काळी पेटी उघडली, पाहुण्यांना आपली पदकं दाखवली, आणि पेटीला पुन्हा कुलूप अडकवलं.

आता त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. हात पुसले.

“हरलो बाबा. तुमच्या पिढीपुढं आमचं काय चालणार! बरं, तुझा बट नंबर किती रं?”

सहज विचारलं त्याने. जवानाची रायफल हत्यारांच्या खोलीतून निघते ती तिच्या दस्त्यावर रंगवलेल्या नंबरावर. ती आणताना नंबर, ठेवताना नंबर, झोपेत हलवून विचारलं तरी नंबर. फौजी लग्नाची तारीख विसरेल, हे विसरणार नाही. सावळीरामचा तर पेन्शनीतही सुटला नव्हता. मोबाइल नंबरच्या शेवटी तोच आकडा, पेटीच्या आकडी कुलपाला तोच.

समाधान हसला. मग हसायचा थांबला.

“कसला नंबर, मामा?”

“बट नंबर. तुझ्या रायफलचा.”

“ते... आता परदेशी आल्यात ना. त्यांना तसं काही नसतं.”

सावळीरामच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहून गेलं होतं, लग्न उरकल्यावर मांडव राहतो तसं.

“सांग ना रे,” वाळूतात्या काकुळतीला आले. “काय नंबर शे तुना? सांगी टाक.”

समाधानने बापाकडे पाहिलं नाही. सावळीरामकडेही नाही. तो स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहत होता.

पडदा सरला. निकिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“दोनशे अडतीस,” ती बापाला म्हणाली. “त्यांचा नंबर दोनशे अडतीस आहे, दादा. मला सांगितलाय त्यांनी. तुमच्यासमोर लाजतायत.”

बैठक खदखदून हसली. वाळूतात्यांनी मांडीवर थाप मारली. “ऐका! नवऱ्याना नंबर नवरीले पाठ शे! मंग काय सावळीरामभाऊ, फोडूत सुपारी?”

सावळीराम हसला नाही. तो कोपऱ्यातल्या काळ्या पेटीकडे पाहत राहिला. कुलपाच्या चकत्या फिरवायच्या आज त्याच्याकडून राहून गेल्या होत्या. दोन, तीन, आठ.