एकुलतं मत

मतपत्रिकांच्या काळात आमच्या उपनगराच्या वॉर्डात पेंटरकाका प्रत्येक निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे आणि त्यांना दरवेळी एकच मत पडायचं. "काका, काकूंनीही दगा दिला वाटतं!" म्हणत नाक्यावर हशा पिकायचा. मग घरी येऊन ते काकूंवर डाफरायचे, "ते एक मत माझं. तुझं कुठं गेलं?"

"तुमच्या गळ्याशपथ, तुमच्याच ब्रशवर शिक्का मारला हो," काकू म्हणायच्या. काकांचा विश्वास कधीच बसला नाही. निकालानंतरचा अबोला ठरलेला असायचा.

त्या वर्षी काकू नव्हत्या. रिकाम्या घरात बसवेना म्हणून काका पहिल्यांदाच मतमोजणीला जाऊन बसले. त्यांना एकही मत पडलं नाही.

"असं कसं? मी स्वतः मला मत दिलंय!"

कारकुनाने बाद मतपत्रिकांमधून एक काढून त्यांच्यासमोर धरली. ब्रशच्या चिन्हावर शिक्का होता आणि खाली, त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक पाटीवर असायची तशीच, झोकदार सही.

"काका, सही केली की मत बाद होतं."

 

"पण सही तर मी दरवेळीच करतो..." म्हणता म्हणता काकांना काकूंची गळ्याशपथ आठवली.