फादरच्या कानात

"तुझ्या फादरला बोलाव," थिओफिल रणभिसे म्हणाले, आणि आग्नेसच्या हातातली पेजेची वाटी कलंडलीच.

मिरजेच्या दवाखान्यातली खोली. रोगानं पोट पोखरलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. नवरा प्रोटेस्टंट, मंडळीतला, म्हणजे त्यांच्या चर्चमधला, मानाचा वडील. बायको कॅथलिक, रेल्वे गार्डची मुलगी. लग्न झाल्यापासून ती दर शनिवारी कन्फेशनला, फादरच्या कानात पापं सांगायला, जायची आणि हे दारातच तिला टोकायचे, "अगं, देव आणि माणसाच्या मध्ये दलाल कशाला? विश्वास ठेवला की तारण झालं. कृपा फुकट असते." आणि आज हाच माणूस स्वतःच्या तोंडानं फादर मागत होता!

सकाळीच त्यांच्या चर्चचे पाळक येऊन गेले होते. "विश्वास आहे ना, रणभिसे? मग भिता कशाला?" म्हणाले, प्रार्थना केली, गेले. पण ह्यांची भीती काही जाईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

आग्नेसला रडूच आलं. आनंदाचं. तिला आयुष्यात एकच धास्ती होती. सिरिल, त्यांचा एकुलता पोरगा, दोन वर्षांचा असताना परसातल्या हौदात बुडून गेला. तो स्वर्गात आहे याबद्दल तिला शंका नव्हती. आपण दोघं तिथं पोहोचतो की नाही, एवढंच काय ते. स्वतःचं तर तिला फारच अवघड वाटायचं. कारण परसदाराची कडी तिनंच उघडी टाकली होती. वाळत घातलेले कपडे काढायला ती गेली होती. कडी लावल्याचं तिच्या हाताला पक्कं आठवत होतं, पण थिओफिल म्हणाले, "तूच गेली होतीस मागं. दुसरं कोण जाणार?" मग हाताचं कोण ऐकतो? ती दर शनिवारी तेच पाप सांगत राहिली. फादर बदलले, पाप तेच. आणि घरी आल्यावर थिओफिल मायेनं म्हणायचे, "देवानं तुला कधीच माफ केलंय, आग्नेस. सोड आता."

फादर रेमंड दुपारी आले. तरुण होते, सरळ होते. "माणूस मरणाच्या दारात आहे, बाप्तिस्मा झालेला आहे, स्वतःहून मागतोय. मी नाही म्हणणार नाही," ते आग्नेसला म्हणाले. मग थिओफिलना म्हणाले, "मनापासून पश्चात्ताप असला की देव काहीही माफ करतो. तो नसेल तर मात्र माझ्या हातात काही नाही, क्षमाही नाही आणि स्वर्गही नाही. हळू बोला, माझ्या कानात."

आग्नेस बाहेर बाकावर बसली. खोली म्हणजे नावाला खोली, प्लायवूडची भिंत छतापर्यंत गेलीच नव्हती. तरी एरवी काही बिघडलं नसतं. पण थिओफिलना कानात बोलणं ठाऊक कुठं होतं? त्यांना पाप सांगायची एकच रीत माहीत. मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची, शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशी. पोट गेलं होतं, आवाज शाबूत होता.

"मी, थिओफिल रणभिसे, देवासमोर साक्ष देतो!" आतून आलं.

आग्नेसला हसू फुटलं. हा माणूस म्हणजे ना! दुसऱ्याचं कन्फेशन ऐकू नये म्हणून ती लगबगीनं उठली. एवढ्यात सिरिलचं नाव आलं आणि ती तिथंच थांबली.

"आग्नेस कपडे घेऊन आत आली. तिनं कडी लावली होती. मी बघितलं होतं. मग मीच कडी काढून मागं गेलो, बिडी ओढायला. मंडळीचा वडील बिडी ओढतो हे कुणाला कळू नये म्हणून. येताना कडी लावायची राहिली. पोरगं गेलं. मी तिच्यावर घातलं, फादर. आणि ती आयुष्यभर माझं पाप तुमच्याकडं सांगत आली."

"हळू बोला हो, हळू," फादर कळवळून म्हणत होते. आता हळू बोलून काय उपयोग? मग आतून हुंदके आले, आणि त्यांच्यामागून फादरांचे क्षमेचे शब्द, अगदी हलक्या आवाजातले.

फादर बाहेर आले आणि आग्नेसचा चेहरा बघून समजायचं ते समजले.

"बाई, तुमच्या कानावर काही पडलं असेल तर तेही गुपितच. कुणाला सांगायचं नाही."

"कुणाला सांगू, फादर? कोण हाय मला?"

"आग्नेस!" आतून हाक आली. "ये गं. लय हलकं वाटतंय."

ती आत गेली नाही. तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, फरशीवर गुडघे टेकले.

"माझं बी कन्फेशन घ्या."

"अहो, ते पाप तुमचं नव्हतंच कधी!"

"ते न्हाई सांगत. ह्ये नवं हाय. ह्यांना मी माफ केलेलं न्हाई. करनार बी न्हाई."

फादर तिच्याकडं वाकले. "असं बोलू नका. थोडा वेळ जाऊ दे. पश्चात्ताप झाला की..."

"पश्चात्ताप न्हाई, फादर," आग्नेस म्हणाली. "जाऊ देत त्यांना एकट्यालाच सिरिलकडं."