पहिला पसंतीक्रम

"नंबर एकला सोलापूरचं कॉलेज कुणी टाकलं?" महानंदाने मोबाईल नवऱ्याच्या ताटाशेजारी आदळला. आमटी हिंदकळली.

इंजिनिअरिंगची पहिली यादी लागली होती. ऋतुजाला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. एवढ्या मार्कांवर पुण्याचं चांगलं कॉलेज कुठेच जात नव्हतं. आणि मोबाईलवर नाव आलं ते घरापासून अर्ध्या तासावरच्या कॉलेजचं. नियम महानंदाला तोंडपाठ होता. पहिलाच पर्याय मिळाला तर तोच घ्यायचा, पुढच्या फेरीचं दार बंद. म्हणून तर तिने तीन वर्षांचे कटऑफ वहीत उतरवून यादी स्वतः केली होती. एक ते सहा पुणं. सोलापूर सातवं, नाइलाज म्हणून. फॉर्म भरायला तेवढे बापलेक नेट कॅफेत गेले होते, कारण त्या दिवशी धाकट्या आरोहीला ताप होता.

"मी न्हाय बदललं," गुरुशांत म्हणाला. "मी भाईर गाडीपाशी हुतो."

"तुम्ही कायम बाहेरच! पोरगी पुण्याला गेली तर भावकीला काय तोंड दाखवू, हे कोण म्हणालं होतं?"

"म्हणलो हुतो. पण फॉर्मला हात लावला न्हाय."

"खोटं! बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आले होते मी. माझा एम.एस्सी.चा फॉर्म तुमच्याच कपाटात पिवळा पडला. आता लेकीचा पण घास घेतलात?"

"महानंदा, तोंड आवर."

"नाही आवरत! काय कराल? अठरा वर्षं आवरलं ते कमी झालं का?"

गुरुशांतने ताट भिरकावलं. भाकरी दारापर्यंत गेली. शेजारच्या काशम्माने सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला. महानंदाने पाण्याचा तांब्या उचलला आणि भिंतीवर हाणला. आज ती मागे हटणार नव्हती. आज ती लेकीसाठी भांडत होती.

"आणि तू गं?" ती आतल्या खोलीकडे वळून ओरडली. "मिठाची गुळणी धरून बसलीस? बोल की! बापाने आयुष्य बुडवलंय तुझं!"

ऋतुजा पलंगावर बसली होती. सहा वर्षांची आरोही तिच्या मांडीत डोकं खुपसून पडली होती.

"पप्पांनी नाही," ऋतुजा म्हणाली. "मी बदललं."

महानंदाला आधी कळलंच नाही. मग तिचा आवाज चिरकला. "तू? का गं भवाने? कुणी सांगितलं होतं तुला? मी रात्रंदिवस कुणासाठी—"

"ओरडू नको, आई." ऋतुजाचे दोन्ही हात आरोहीच्या कानांवर घट्ट दाबलेले होते. "मी पुण्याला गेल्यावर हिचे कान कोण झाकणार?"