आतल्या रेघा

नव्या पिकअपचा मागचा एक्सल मोडला, म्हणून अबूबकर बावन्न सालच्या गाडीचा एक्सल घेऊन फजलच्या दोह्यातल्या गॅरेजात आला.

"कुठला हा, अबूभाई?"

"भंगारातला. सोयरीक जुळवायचीय काय, खानदान विचारतोस ते?"

रॉकेलने पुसता पुसता फजलचा हात थांबला. सांध्यावरचं वेल्डिंग त्याच्याच हातचं होतं. हा त्याच्या भावाच्या, रहमानच्या गाडीचा एक्सल. रहमान त्याच गाडीतून कुवेतला पळाला, असं कुराणावर हात ठेवून सांगितलं होतं ते अबूबकरनेच. तेव्हापासून फजलने भावाचं नाव घेणं सोडलं होतं.

त्याने एक्सल बसवला. या जुन्या एक्सलची रुंदी कमी. वाळूत मागच्या चाकांच्या रेघा पुढच्यांच्या आत पडणार, इतकंच.

उतरत्या दुपारी असरची नमाज पढून दोघे गाडी चालवून बघायला वाळूत निघाले. अबूबकरने ती नाकासमोर हाकली. थांबल्यावर फजल उतरला आणि त्याने मागे पाहिलं.

बाहेरच्या रेघा सरळ गाडीपर्यंत आल्या होत्या. आतल्या दोन मात्र अर्ध्या वाटेत वळून दक्षिणेच्या टेकाडांमागे गेल्या होत्या, आणि परतल्या नव्हत्या.

फजलने तोंड उघडण्याआधीच, मान न वळवता अबूबकर म्हणाला, "तिकडे कोणी नाही, फजल."