कोल्टनची वेळ

मंगळवारी दुपारी कोल्टनची वेळ असे. त्याने जीव दिल्यानंतरही ती मी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. इतक्या वर्षांच्या समुपदेशनात माझा पहिलाच पेशंट असा गेला होता, आणि मी नीट जेवत होते, झोपत होते, रडू मात्र येत नव्हतं. त्या मंगळवारी दारावर टकटक झाली. बर्फाने ओले झालेले बूट हातात धरून एक वयस्क बाई उभी होती. "मी ग्वेन, कोल्टनची आई. तो कुठे बसायचा?" त्याच्याबद्दल मला काही बोलता येणार नाही, असं मी ठरलेल्या शब्दांत सांगितलं. "बोलू नका. फक्त खुर्ची दाखवा." मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. ती बसली. बाहेर सुपीरियर सरोवर गोठून पडलं होतं. तिकडे बघत ती म्हणाली, "इथून आला की तो पोटभर जेवायचा. एवढंच सांगायचं होतं." मी सवयीने मान हलवली. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि तू? तू कुणाशी बोलतेस गं?" नव्या समुपदेशकांना हा प्रश्न स्वतःला विचारायला मीच शिकवते. ती गेल्यावर मी माझ्या जुन्या मार्गदर्शक हेल्मीला फोन लावला. "कुठला पेशंट अडलाय?" तिने विचारलं. "पेशंट नाही, मीच अडलेय. तासभर देशील?" "आत्ता निघ," हेल्मी म्हणाली. मी कोट चढवला. बटणं चुकीच्या काजांत लागली, तशीच बाहेर पडले.