डब्यातली माणसं

उपनगराच्या जनगणना-नकाशावर मनगटातलं प्रत्येक कडं म्हणजे एक माणूस. गरिबांची कडी आत दिसली की नकाशावरचा इमारतीचा सोनेरी रंग फिका पडे आणि सेक्रेटरी टिपणीसांच्या नाकाला मिरच्या झोंबत. म्हणून कामवाल्या बायका आपली कडी फाटकावर वॉचमनच्या बिस्किटाच्या डब्यात काढून ठेवून आत जात.

दुपारी अकराव्या मजल्यावर आग लागली. रहिवासी खाली धावले. बचावयंत्र आलं, त्यानं नकाशा पाहिला आणि इमारत रिकामी ठरवली.

"साहेब, कामवाली पारूबाई वर अडकलीये!" वॉचमन ओरडला.

"नकाशा खोटं बोलतो का रे?" टिपणीस खेकसले.

यंत्रानं डबा अलगद उचलून मैदानात नेला. "एकोणीस माणसं वाचवली."

टिपणीसांनी मोबाइल पाहिला. इमारत अजून सोनेरीच होती.