चुकीची पकड
पिस्तुलातल्या गोळ्या संपल्या की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाऊन अडकते. पण नेमबाजीच्या परीक्षेच्या दिवशी, नव्याच आलेल्या पिस्तुलांत ती दोन-तीन गोळ्यांतच अडकू लागली, तीही अख्ख्या तुकडीची. नेमबाजी शिकवणारे उस्ताद खवळले. स्प्रिंगा बदलल्या, मॅगझिन बदलली, तरी तेच. शेवटी तुकडीतली एकमेव डावखुरी मुलगी पुढे आली. आज पास झाली तरच तिची नोकरी पक्की होणार होती. आधीच्याच्या हातात अडकलेलं पिस्तूल तिने घेतलं आणि सगळ्या गोळ्या न अडखळता निशाणावर झाडल्या.

"हिचं बरं चाललं!" उस्ताद म्हणाले.

"रागावू नका, उस्ताद. स्लाइड अडकवणारा खटका पिस्तुलाच्या डाव्या अंगाला आहे. तुम्ही शिकवलेल्या पकडीत उजवा अंगठा नेमका त्याच्याखाली येतो आणि गोळी सुटतानाच्या झटक्याबरोबर त्याला वर ढकलतो. माझा अंगठा पलीकडे असतो, एवढंच."

उस्तादांनी स्वतःचा अंगठा निरखून पाहिला आणि गुपचूप खिशात घातला.

"पोरी, मी शिकवलेल्या सगळ्यांची स्लाइड अडकते. तुझ्या एकटीचीच अडकत नाही. म्हणजे पकड कोणाची चुकली? नापास!"